अनुभवी पाहिजे, पण अनुभव द्यायचा कुणी?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सकाळच्या शिफ्टच्या वेळी चक्कर मारली तर दर चार-पाच फाटकांमागे एका फाटकावर पाटी दिसतेच. वर ‘जोईए छे’, म्हणजे ‘पाहिजेत’, खाली सीएनसी ऑपरेटर, फिटर, आर्गन वेल्डर, कॉइल वाइंडर, आणि शेवटी ठरलेली ओळ: दोन ते पाच वर्षांचा अनुभव आवश्यक. पावसाळे जातात, पाटीचा रंग उडतो, पाटी काही उतरत नाही. याच कारखान्यांचे मालक एकत्र बसले की तावातावानं सांगतात, बडोद्यात हाताचं काम येणारी माणसंच उरली नाहीत, हल्लीच्या पोरांना मोबाइल हवा, मेहनत नको.

माणसं उरली नाहीत हे मला पटत नाही. ती तयार करायचं काम कुणी अंगावर घेत नाही, हे दुखणं आहे. पाटीवर मागितलेली पहिली दोन वर्षं कुठल्या तरी कारखान्यातच काढावी लागतात. ती आयटीआयच्या वर्गात निघत नाहीत आणि घरी बसून तर नाहीच नाही. प्रत्येक मालकाला वाटतं, ही दोन वर्षं पोरानं शेजारच्या शेडमध्ये काढावीत आणि तयार होऊन आपल्याकडे यावं. शेजारच्या शेडवाल्यालाही नेमकं तेच वाटतं.

मागणी खोटी नाही, हे आधी मान्य करू. बडोदा आणि आसपासचा पट्टा ट्रान्सफॉर्मरच्या कामासाठी देशभर ओळखला जातो. जवळच्या सावली गावाला मेट्रोचे आणि नमो भारत गाड्यांचे डबे बनतात. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, तिच्या मागोमाग नंदेसरी-रानोलीकडचे रसायनांचे कारखाने आले, आणि त्या सगळ्यांना टाक्या, पाइप, हीट एक्स्चेंजर बनवून देणारी फॅब्रिकेशनची शेडं उभी राहिली. २८ ऑक्टोबर २०२४ ला इथं सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. हवाई दलाच्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार येणार आणि ४० इथं बनणार. त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर अभिमानाचे संदेश फिरले. दांडिया बाजारातल्या मराठी वस्तीत मात्र एकाही घरात कुणी मुलाला म्हणालं नसेल, की चल, मग शीटमेटलचं काम शिकायला घालतो तुला.

आपल्या घरांचं काय आहे ते स्पष्ट बोललेलं बरं. गायकवाडांबरोबर आणि नंतर संस्थानच्या चाकरीत आलेली इथली बरीच मराठी घराणी दरबारी, लष्करी नाहीतर कारकुनी पेशाची. पुढं त्यांच्या मुलांनी बँक, शाळा, रेल्वेचं ऑफिस, विद्यापीठ अशा जागा धरल्या. कामाचं अवजार हातात घेतलं ते सुतार, लोहार, पांचाळ मंडळींनी, आणि पोटामागं खानदेशाकडून आलेल्या आपल्याच मराठी कुटुंबांनी. यात जातीचा भाग आहे; तो झाकून ‘आवडनिवड’ म्हणण्यात अर्थ नाही. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘जीआयडीसीत आहे’ असं उत्तर आलं की मुलीकडच्यांचा चेहरा कसा होतो, ते ज्यानं पाहिलंय त्याला अधिक सांगायला नको. ‘इंजिनिअर आहे’ म्हटलं की मग तो इंजिनिअर एखाद्या कॉल सेंटरात बसलेला असला तरी चालतो.

गंमत अशी की याच गावात याच्या नेमका उलटा विचार एकदा झालेला आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं आणि ते त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं. रंगकाम आणि रसायन, यंत्रकाम, विणकाम, चित्रकला असे विषय तिथं शिकवायचे. गज्जरांचा आग्रह होता की शास्त्र कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकवायचं, आणि त्यासाठी त्यांनी गुजरातीत तांत्रिक पुस्तकं लिहवून घेतली. कारखाना आधी आला आणि माणसं मग शोधली, असा तो प्रकार नव्हता; कारखाने काढू शकतील अशी माणसं आधी तयार केली. १९०७ साली अलेम्बिक ही औषधांची कंपनी सुरू झाली ती गज्जरांच्याच शिष्यमंडळींच्या हातून, आणि त्यात भाईलाल अमीन यांच्याबरोबर कोटीभास्कर हे आपलं मराठी नाव होतं.

पुढं १९४९ साली विद्यापीठ झालं, कलाभवन त्याचा भाग झालं आणि आज ती अभियांत्रिकीची शाखा आहे. तिथून उत्तम इंजिनिअर निघाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण संस्था एक पायरी वर चढली आणि खालची पायरी रिकामी राहिली. १९५० पासून देशात कारागीर प्रशिक्षण योजना आली, गोरव्याला आणि तरसालीला आयटीआय झाल्या, काम चालू झालं. मान मात्र त्या पायरीला परत मिळाला नाही. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले हे आपण बाहेरगावच्या पाहुण्याला आवर्जून सांगतो. गोरव्याच्या आयटीआयतून कोण शिकून गेलं, हे विचारा. एकही नाव आठवत नाही, आणि आठवत नाही याचं वाईटही वाटत नाही.

तरी एका बाबतीत मी मुलाच्या बापाची बाजू घेईन. ऐंशी-नव्वदच्या दशकांत नावाजलेल्या कारखान्यांची फाटकं बंद होताना ज्यांनी पाहिली, ज्यांच्या घरात थकलेला पगार कधी आलाच नाही, त्यांना ‘कारखान्यात मान आहे’ हे भाषण कसं पटावं? आजही आयटीआय झालेला पोरगा कंपनीच्या नावानं फुशारकी मारतो, पण त्याचं हजेरीकार्ड ठेकेदाराचं असतं. अकरा महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवा ठेकेदार, नवं कार्ड. तेच मशीन, तोच माणूस, शेजारी उभ्या कायम कामगाराच्या निम्म्याहून कमी पैसे. अशा नोकरीला ‘कुशल रोजगार’ म्हणायचं आणि आईबापांनी नाक मुरडलं की त्यांना मागासलेलं ठरवायचं, हा अन्याय आहे. श्रमाच्या प्रतिष्ठेवर व्याख्यानं देणाऱ्यांनी आधी हजेरीकार्ड बघावं.

आता ‘तयार’ माणूस म्हणजे काय, ते जवळून बघू. मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे नि अवजारं बनतात त्या विभागात, नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळं माझी मोजपट्टी तिथली. नोकरी मागायला आलेल्या टर्नरच्या, म्हणजे लेथवाल्याच्या, हातात आम्ही एक बुश (मधे भोक असलेली धातूची नळी), एक ड्रॉइंग आणि मोजायची हत्यारं द्यायचो. ड्रॉइंगवर भोकाचं माप: २५ एच ७. याचा अर्थ भोक २५ मिलिमीटरपेक्षा तसूभरही कमी नको आणि २५.०२१ पेक्षा जास्त नको. एकवीस मायक्रॉनची सवलत. डोक्यावरचा केस याच्या तिप्पट जाड असतो. पोराला विचारलं, ‘मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वात लहान माप, किती?’ तो झटक्यात म्हणतो, ‘शून्य पूर्णांक शून्य एक मिलिमीटर.’ मग मायक्रोमीटर हातात दिला की बोटं अवघडतात. दाब बेताचा ठेवणारा रॅचेट न वापरता फिरवायची मूठ, थिंबल, तीच आवळतो, तिसऱ्यांदा मोजलं की तिसरं माप येतं. त्याला येत काहीच नाही असं नव्हे. आयटीआयची लेखी परीक्षा आता संगणकावर होते, चार पर्यायांतला एक निवडायचा. उत्तर त्यानं निवडलेलं असतं, माप मात्र फारसं घेतलेलं नसतं, कारण वर्गात पोरं वीस नि चालू मायक्रोमीटर तीन.

आणि माप घेता आलं तरी गोष्ट तिथं संपत नाही. लेथवरून नुकता उतरलेला जॉब हाताला चटका देतो. तो खोलीच्या हवेपेक्षा चाळीस अंशांनी गरम असेल तर २५ मिलिमीटरचं पोलादी भोक साधारण साडेअकरा मायक्रॉननी मोठं झालेलं असतं, म्हणजे एकवीसच्या सवलतीतले निम्म्याहून अधिक मायक्रॉन नुसत्या उष्णतेनंच खाल्लेले. गरम असताना २५.००५ दाखवणारा जॉब चहा होईपर्यंत २४.९९३ होतो आणि इन्स्पेक्शनवाला तो बाजूला काढतो. पोराला वाटतं, इन्स्पेक्शनवाला डूख धरतो. ‘गार होऊ दे, मग मोज,’ हे पाच शब्द पुस्तकातही असतात, पण ते डोक्यात बसतात शेजारी उभ्या असलेल्या जुन्या माणसामुळं, दोन-चार जॉब स्क्रॅपमध्ये गेल्यावर. पहिल्या दोन वर्षांचा अनुभव म्हणजे असल्या शेकडो गोष्टी. स्क्रॅपचा तो खर्च कुणीतरी सोसावा लागतो. तो कुणी सोसायचा, यावर तर सगळं अडलंय.

वेल्डिंगचंही तसंच. आयटीआयचा एक वर्षाचा कोर्स करून प्लेटवर हात बसलेला मुलगा रिफायनरीच्या कामाला पात्र होत नाही. तिथं पाइप ४५ अंशांत तिरका, जागचा हलवायचा नाही, आणि वेल्डरनं त्याच्याभोवती फिरत खालून, बाजूनं, वरून सलग वेल्ड मारायचा. सिक्स-जी म्हणतात त्याला. मग त्या सांध्याचा एक्स-रे. फिल्मवर हवेचा बुडबुडा किंवा न मिसळलेली कड दिसली की टेस्ट फेल. बॉयलरचं काम असेल तर वेगळं प्रमाणपत्र. सरावाला पाइप लागतो, वेल्डिंग रॉड लागतात, आर्गन लागतो, आणि हे सगळं महाग असतं. म्हणून पोरं कर्ज काढून खासगी क्लासला जातात, नाहीतर एखाद्या जुन्या वेल्डरचा हेल्पर म्हणून वर्षभर ग्राइंडर धरतात आणि जेवणाच्या सुट्टीत तुकड्यांवर हात साफ करून घेतात. या दुसऱ्या मार्गानं आलेली पोरं मी जास्त भरवशाची पाहिली आहेत. पण ती उस्तादाच्या मर्जीवर. उस्ताद चांगला भेटला तर पोराचं भाग्य. नाही भेटला तर तीस वर्षांचा झाला तरी हेल्पर.

बडोद्यातल्या आईबापांना एक गोष्ट फारशी ठाऊक नसते, ती इथंच सांगून टाकतो. फिटर-वेल्डर म्हणजेच आयटीआय असा समज आहे. या पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांसाठी अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट असा दोन वर्षांचा ट्रेड आहे, एओसीपी म्हणतात त्याला. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचाही आहे. ज्या मुलाला दहावीला विज्ञान बऱ्यापैकी जमतं पण अकरावी-बारावीच्या क्लासचे लाख रुपये घरात नाहीत, त्याच्यासाठी हा रस्ता तिसऱ्या रांगेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा सरळ आहे. मुलींसाठीही. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यांत वाइंडिंगच्या कामावर बायका असतात आणि त्यांच्या हाताची तारीफ मालकही करतात. पण प्रश्न हाताचा नसून रात्रपाळीला घरी सोडणाऱ्या बसचा आहे. बस दिली तर मुली येतात.

सरकारनं काही केलं नाही, असं म्हणता येणार नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. दरमहा विद्यावेतनही त्याच नियमांनी शिक्षणाप्रमाणे किमान पाच ते नऊ हजार ठरवलं. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त पंधराशे रुपये, सरकार देतं. आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं हजार आयटीआय सुधारायची साठ हजार कोटींची योजना मंजूर केली: केंद्राचे तीस हजार कोटी, राज्यांचे वीस, उद्योगांचे दहा. कागदावर उत्तम.

पण त्याच १९६१ च्या कायद्यात लिहिलंय की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. हेतू चांगला असेल. व्यवहारात याचा अर्थ होतो, फंड नाही, विमा नाही, आणि वर्ष संपलं की ‘बाय बाय’. म्हणून काही ठिकाणी अप्रेंटिस हा सर्वात स्वस्त ऑपरेटर झालाय. त्याला पहिल्या दिवशी एका प्रेसवर उभं करतात, एकच पार्ट वर्षभर काढायला लावतात, आणि वर्षाअखेरी त्याला तो एक पार्ट सोडून काही येत नाही. लॉगबुक मात्र भरलेलं असतं: मार्किंग, ड्रिलिंग, टॅपिंग, फिटिंग, सगळ्यांपुढे टिक. एका कारखान्यात तर मी पाहिलं, बारा महिन्यांचं लॉगबुक एकाच शाईनं, एकाच बैठकीत. सुपरवायझर सही करताना मान वरही करत नव्हता.

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही, परीक्षेची आहे. अप्रेंटिसचं वर्ष संपताना त्याची हाताची परीक्षा ज्यानं वर्षभर राबवून घेतलं त्याच्या आवारात, त्याच्याच माणसापुढं होऊ नये. जर्मनीत हे काम तिथली उद्योगमंडळं करतात. पोरगा आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, बाकी शाळेत, तीन-साडेतीन वर्षं, आणि परीक्षा मंडळाची. म्हणून तिथल्या कागदावर मालकाचा विश्वास बसतो. आपल्याकडे मालकाचा आयटीआयच्या कागदावर विश्वास नाही, म्हणून तो ‘अनुभव’ मागतो. कागदावर विश्वास बसला तर पाटीवरची ती ओळ आपोआप गळेल.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथं मी छोट्या मालकाचीही बाजू मांडतो. दहा-पंधरा माणसांचं शेड चालवणारा माणूस पोराला शिकवतो. त्याचे जॉब बिघडतात, त्याच्या जुन्या टर्नरचा वेळ जातो, लेथवर धातू कापायचे महागाचे इन्सर्ट तुटतात. वर्ष-दीड वर्षात पोरगा तयार झाला की सावली-हालोलकडचा मोठा कारखाना तीन हजार जास्त देऊन, बस आणि कँटीन दाखवून त्याला उचलतो. पोराचं काय चुकलं? काही नाही. मोठ्या कारखान्यानं कायदा मोडला? तोही नाही. पण छोट्या मालकानं पुढच्या पोराला शिकवायचं नाही असं ठरवलं, तर त्याला दोष कसा देणार? तयार माणसाचा फायदा सगळ्या पट्ट्याला आणि खर्च एकट्या शेडला, असा हा हिशेब आहे.

यावर काही मालकांनी शोधलेला उपाय मला संतापजनक वाटतो. पोराकडून बाँड लिहून घ्यायचा आणि आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र स्वतःच्या कपाटात कुलूपबंद ठेवायचं. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, बाप रिक्षा चालवणारा. प्रमाणपत्र परत मागायला गेला की ‘साहेब बाहेर गेलेत’. शिकवण्याचा खर्च वसूल करायचा तर तो ज्याला फायदा झाला त्याच्याकडून करा. पोराला फायदा झाला तो त्याच्या कष्टाचा.

उपाय कंपन्यांनी आपसात मिळून करायला हवा. पट्ट्यातल्या औद्योगिक संघटनांनी मिळून एक सामाईक निधी करावा. मोठ्या कारखान्यांनी त्यात माणसांच्या संख्येप्रमाणे भर घालावी, आणि ज्या शेडचा अप्रेंटिस सामाईक परीक्षेत पास होईल त्या शेडला शिकवण्याचा खर्च त्यातून मिळावा. मग तो पोरगा कुठं नोकरी करतो याच्याशी शेडवाल्याला देणंघेणं राहणार नाही. उलट दर वर्षी दोन पोरं तयार करून सोडणं हा त्याचा जोडधंदा होईल, आणि लॉगबुकात खोट्या टिका मारून चालणार नाही, कारण पैसे परीक्षा पास झाल्यावरच. मोठ्या कारखान्यांना हा भुर्दंड वाटेल. वाटू दे. आज ते अनुभवी माणूस शोधायला एजन्सीला पैसे देतातच की.

निवृत्त टर्नर, फिटर, वेल्डर या गावात गल्लीगल्लीत आहेत. वाडी आणि नवापुरा या जुन्या मोहल्ल्यांतच पाच-पंचवीस सापडतील. सकाळी कमाटीबागेत फिरतात आणि दुपारी कंटाळतात. परीक्षकाचं काम त्यांना द्यावं, मानधन देऊन. आयटीआयच्या इन्स्ट्रक्टरला उत्तम कारागिराइतका पगार मिळत नाही, म्हणून उत्तम कारागीर तिकडं जात नाही, हे दुखणं लगेच बरं होणार नाही. पण महिन्यातले चार दिवस परीक्षा घ्यायला ही मंडळी आनंदानं येतील. बोली मराठी, गुजराती, हिंदी कुठलीही असो, जॉब हातात घेऊन उलटसुलट केला की त्यांना कळतं पोराला काय येतं.

सगळे ट्रेड एकदम घ्यायला जाऊ नये. बैठका होतील, समित्या नेमल्या जातील आणि चहा संपला की विषय संपेल. सुरुवात टर्नर आणि पाइप वेल्डर या दोनपासून करावी. एकाचं काम मायक्रोमीटरवर तपासता येतं, दुसऱ्याचं एक्स-रेच्या फिल्मवर, आणि पास-नापास यावरून दोन मालकांनी भांडावं इतकी जागा त्यात उरत नाही.